तुळशीच्या वाफ्यावर काय फवारलं होतं

मंगळवार, २० जानेवारी २०२६

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, विद्यापीठाच्या विज्ञान संग्रहालयात, शाळेच्या पोरांनी भरलेल्या दालनात, मला सांगण्यात आलं : "मॅडम, तुम्ही बघायला आलात ना? बघा आणि जा." वेळ नक्की ठाऊक आहे, कारण बोलणाऱ्याच्या डोक्यावरच घड्याळ होतं. फाट्यावर नगरच्या एस.टी.ची वाट बघत बसले आहे. राग ताजा आहे तोवर लिहून ठेवते.

बोलणारे गृहस्थ म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख अमृत पठारे. माझा गुन्हा एवढाच की त्यांच्या सांगाड्याचे हात उलटे बसवलेत हे मी त्यांना सांगितलं. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाईला ते दारातून दिसतं.

"पंधरा वर्षं असाच आहे. कोणी काही बोललं नाही," हे पठारे.

"म्हणजे पंधरा वर्षांची पोरं चुकीचं शिकून बाहेर पडली," हे मी.

मी हलणार नाही हे पाहून त्यांनी शिडी मागवली. शिडी आणायला आणि धरायला बागेच्या दारावरच्या रामहरी नावाच्या रखवालदाराला बोलावलं. तिकीट फाडणारा पोरगाही गंमत बघायला आत आला. मी मनगटाच्या हाडांपासून सुरुवात केली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. पोरं मन लावून ऐकत होती. पठाऱ्यांना तेच सोसलं नसावं.

भागिरथीला काहीतरी दाखवावं म्हणून हा सगळा खटाटोप. भागिरथी माझी शेजारीण. पाथर्डीकडची, निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलं. मुलगा सचिन सुप्याच्या एमआयडीसीत चिकटला तेव्हापासून नगरला त्याच्याकडे असते. तिकीट काढून आत जायची जागा तिने आजवर पाहिलेली नाही, म्हणून मी तिला एकेक दाखवायचं ठरवलंय. मागच्या महिन्यात नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय झालं. "लई लोखंड हाय," एवढंच म्हणाली. आज सांगाडा बघून विचारते, "ह्यो बाप्या का बाई?" म्हटलं, बाई, कमरेचं हाड बघ. तर म्हणे, "मंग हिच्या पाटल्या कुनी काढल्या?"

हाडांना कंटाळून ती समोरच्या बागेत गेली. मधे दोनदा येऊन माझ्या पाठीशी उभी राहिली. "सिस्टरबाई, घेऊ का?" मी बोलण्यात होते, मागे न बघता "घे, घे" म्हटलं. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू होते, तिला भूक लागली असणार.

बाहेर पडले तेव्हा ती बाकावर काहीतरी चघळत समाधानाने बसली होती. "लई ग्वाड बाग हाय. तुमी न्हाई पाहिली?" नाही पाहिली. पाहणारही नाही.

तिला घाम फुटलाय. जानेवारीत! उन्हात बसली असेल. एस.टी. आली.

तोच दिवस, संध्याकाळ. दवाखाना.

नगर यायच्या आत तिला दोनदा उलटी झाली. लाळ थांबेना, पदराने पुसता पुसता पदर ओला झाला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आजारी मानूस घिऊन कशाला फिरता?" मी आधी फाट्यावरच्या चहाला दोष दिला. मग तिची पापणी वर करून पाहिली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

अशा बाहुल्या मी वॉर्डात शेकडो पाहिल्यात. शेतातलं फवारणीचं औषध प्यायलेली माणसं यायची, तशा. रिक्षातच विचारलं, "काय खाल्लंस?"

"तुळस. खोकल्याला बरी म्हनून. मूठभर."

"कोणाला विचारून तोडलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे मिटून घेतले. नंतर काही बोलायच्या अवस्थेत नव्हती.

मला नवल वाटतं ते याचं. आमच्या ख्रिस्ती घरात तुळस म्हणजे खोकल्याचं झाड. पण भागिरथीचे नियम असतात. रविवारी तोडायची नाही. दिवेलागणीनंतर हात लावायचा नाही. परक्या दारची असेल तर आधी झाडाला विचारायचं, मग घरधन्याला. हे तिनेच मला पढवलंय. मग आजच बाईंना नियम कसा आठवला नाही?

डॉक्टरीण तरुण आहे, पण हात चांगला चालतो. विषावरचं अ‍ॅट्रोपिन सुरू केलंय. म्हणाली, "मॅडम, ही विषं दोन जातींची. एका जातीला आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं, दुसरीला देऊन उपयोग नाही. कोणतं औषध होतं तेवढं आणा." विद्यापीठाला फोन केला. "ऑफिस सुटलं." पुन्हा केला. "सांगितलं ना, सुटलं."

बुधवार, २१ जानेवारी

सकाळच्या पहिल्या गाडीने गेले. पठारे मला बघून उठून उभे राहिले. हात जोडले; मी पुन्हा हाडांवरून बोलेन अशी भीती वाटली असावी. काय झालं ते सांगितल्यावर खाली बसले.

बागही त्यांच्याच ताब्यात. मग वाफा दाखवला. औषधी वनस्पतींच्या बागेत मधोमध तुळशीच्या सहा ओळी, काळ्याभोर, तरारलेल्या. भोवती पिवळी पट्टी होती म्हणे. मी गेले तेव्हा ती एका बाजूने मातीत पडली होती. खांबावर पाटी : प्रायोगिक वाफा, फवारणी केलेली आहे, स्पर्श करू नये. इंग्रजीत. तेही चुकीचं इंग्रजी. माझ्या शाळेतल्या सिस्टरांनी त्या वाक्यासाठी उभं केलं असतं.

"ही कोणासाठी लावली?" मी विचारलं. "फिरायला येतात त्यातल्या किती जणांना वाचता येते?"

"मॅडम, कोणी तुळस खाईल असं आम्हाला वाटलं नाही."

"महाराष्ट्रात बाग काढली, त्यात तुळस लावली, आणि कोणी पान तोंडात टाकेल असं वाटलं नाही?"

फवारणी काल सकाळी आठला झाली होती. औषधाचं नाव? एका कंपनीची चाचणी आहे, अजून बाजारात आलेलं नाही, नाव गोपनीय. त्यांच्याकडेसुद्धा फक्त सांकेतिक क्रमांक. कंपनीला ईमेल करतो म्हणाले. मी म्हटलं, फोन करा, माणूस मरतंय. बाहेर जाऊन फोन केला, परत आले, म्हणाले, "वरिष्ठांना विचारून कळवतील."

दाराशी रखवालदार का नव्हता, हे विचारल्यावर काय ऐकवलं? "रामहरी तेव्हा तुमच्यासाठी शिडी धरून उभा होता, मॅडम." इतका निर्लज्जपणा मी सरकारी नोकरीतही पाहिला नाही. स्वतःचं दार सांभाळता येत नाही आणि खापर माझ्या डोक्यावर!

रामहरी मागे उभा होता, डोळ्यांत पाणी. "माय, मी रोज हाटकतो वो बायांना. लई जनी तोडत्यात. कालच नव्हतो." पठाऱ्यांनी त्याला गप्प केलं.

नावाशिवाय परत आले. डॉक्टरणीने विष दोन्ही जातींचं धरून चालायचं ठरवलं. दुसरं इंजेक्शनही दिलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

काल बरी होती. माझ्या मोसंबीच्या रसाला नावं ठेवली. आज सकाळी उशीवरून मान उचलता येईना. मी हाताने उचलली तर लहान बाळासारखी मागे पडली. दुपारी श्वास उथळ. घशात नळी घातली, मशीनवर ठेवलं.

सचिन कंपनीतून तसाच आला, अंगावर गणवेश. काचेतून बघत होता. मला म्हणाला, "सिस्टरबाई, आई बागंतच गेल्ती ना?"

हो.

मंगळवार, २७ जानेवारी

पोलीस जबाब घेऊन गेले. हवालदार पेन थांबवून म्हणाला, "तुळस खाऊन विषबाधा, असं कसं लिहू मावशी? वर साहेब हसतील." मी म्हटलं, साहेबांना काचेपाशी आणा आणि मग हसायला सांगा. लिहिलं.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तीस दिवस. मशीनला तीस दिवस कळत नाहीत.

मी प्रार्थना करत नाही असं नाही. पण इतक्या वर्षांत त्याच्याकडे रुग्णासाठी काही मागितलं नव्हतं. कामाच्या जागी ओळख काढू नये. आज मागितलं.

शुक्रवार, ३० जानेवारी

नळी काढली. आवाज घोगरा. पहिलं काय बोलली? "तुमी जेवला का?" मी तिला गप्प पडून राहायला सांगितलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

घरी आणली. रिक्षातून उतरताना माझ्या खांद्यावर भार टाकला. काहीच वजन उरलेलं नाही. सुनेने ओवाळलं. दारातल्या कुंडीतली तुळस सचिनने उपटून टाकायला घेतली तर भागिरथी ओरडली, "तिचा काय दोष रं?"

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज विद्यापीठाची माणसं सचिनच्या घरी आली. पठारे आणि कुलसचिवांच्या कार्यालयातली एक बाई. मी शेजारून लगेच गेले. अशा वेळी या लोकांना एकटं सोडता येत नाही.

बाई गोड बोलत होती. कंपनी नाव द्यायला तयार आहे. फक्त आधी रुग्णाने लिहून द्यावं, की मनाई असलेल्या वाफ्यात मी स्वतःहून शिरले, कोणाच्या परवानगीने नाही, संस्थेची यात काही चूक नाही. एवढं झालं की दोन दिवसांत नाव.

सुनेने चहा आणला. कपात गवती चहाची पात तरंगत होती. पठाऱ्यांनी कप हातात घेतला, पातीकडे बघितलं आणि तसाच खाली ठेवला.

मी तोंड उघडायच्या आत भागिरथी म्हणाली, "लिवा. म्या कुनाला इचारलं न्हाई. माझ्या मनानं घेतली."

पठारे तिच्याकडे बघत होते, मग का कोण जाणे माझ्याकडे. मी म्हटलं, ही आजारी आहे, हिच्या बोलण्याला अर्थ नाही, कोणीही काहीही लिहून देणार नाही. नाव द्यायला अटी घालता? वॉर्डात रक्त द्यायच्या आधी मी कधी कोणाकडून माफीनामा घेतला नाही! दोघं उठून गेली.

ती दोघं गेल्यावर भागिरथीला फैलावर घेतलं. आपली बाजू आपणच का लंगडी करायची? "विचारलं होतं" म्हणाली असतीस तर त्यांचं तोंड बंद झालं असतं.

"कुनाला इचारलं म्हनून सांगू?"

"कोणाचंही नाव घ्यायची गरज नाही. विचारायला गेले तर दारावर कोणी नव्हतं, एवढंच. तोच तर मुद्दा आहे."

ती गोधडीचा दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "व्हय. कुनी नव्हतं."

हे मघाशीच म्हणायला काय झालं होतं? सांगून सांगून जीभ झिजली, पण या बाईला वेळेवर बोलता येत नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

दोन दिवस तिचे तळपाय बधिर आहेत म्हणते. "मुंग्या आल्यासारकं." आज अंगणात चालताना डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि ती चार पावलं तशीच पुढे गेली. कळलंच नाही. मी चप्पल उचलून आणली तेव्हा खाली बघून म्हणाली, "आरं! कधी निगाली?" आणि हसली. मी हसले नाही. खुर्चीत बसवून पाऊल वर उचल म्हटलं. पाऊल लोंबतच राहिलं.

डॉक्टरणीने तपासून मज्जातंतूंच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. काही औषधं पहिला मार देतात आणि तीन-चार आठवड्यांनी पायांच्या नसांवर पुन्हा उठतात. सगळी नाही, काहीच. ते म्हणाले, नाव कळलं तर हे गुडघ्याखाली थांबेल की हातांपर्यंत चढेल याचा अंदाज बांधता येईल. नावाशिवाय मी अंधारात आहे.

संध्याकाळी सचिन माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"सिस्टरबाई, त्या दिवशी कागद दिला असता तर नाव आलं असतं. पाच दिस झाले."

"सचिन, त्या कागदाचा अर्थ तुला कळत नाही."

"न्हाई कळत. तुमाला जिंकायचंय. मला आई चालायला पायजे." आणि गेला.

तोंडावर असं मला कोणी बोललं नव्हतं. उत्तर होतं माझ्याकडे. तो थांबला असता तर दिलं असतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी भागिरथीकडे गेले. पलंगावर बसून स्वतःच्या पायांना तेल चोळत होती, हातांना लागतंय पण पायांना लागत नाही अशा चेहऱ्याने.

"सिस्टरबाई, त्यास्नी बलवा. मी सही करते. अंगठा न्हाई, सही करते. तुमीच शिकिवली."

हो, मीच. गेल्या पावसाळ्यात, माझ्या जेवणाच्या टेबलावर. 'भ'ची गाठ तिला जमायची नाही. वर्तमानपत्रांच्या कडेला गिरवत बसायची. बँकेत पहिली सही केली त्या दिवशी तिने पेढे वाटले. अख्ख्या गल्लीला.

"चूक माझीच हाय," ती म्हणाली. "तुमचं नाव त्यात कशाला?"

"माझं नाव कुठे आहे त्यात?"

"न्हाई. तेच म्हनते मी."

कधी कधी ही काय बोलते ते मला समजत नाही. पण ती सही मी तिला शिकवली ती असल्या कागदासाठी नव्हे. दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. सचिन उद्धट आहे, पण पाच दिवस झाले हे खरं आहे. आज सहा. मी बरोबर आहे, याबद्दल मला शंका नाही. बरोबर असून काय करायचं, ते मात्र सुचत नाही. वॉर्डात असते तर तरुण नर्सला म्हटलं असतं : बाई, तुझा मान गॅलरीत ठेव, रुग्ण आत आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

आज सकाळी विद्यापीठात जाऊन कुलसचिवांच्या हातात पुढील पत्र दिलं. पोच घेतली. नक्कल इथे ठेवते.

"मा. कुलसचिव,

आपल्या औषधी वनस्पती उद्यानातल्या तुळशीच्या वाफ्यावर दि. २० जानेवारीला सकाळी फवारणी झाली. त्या वाफ्यातली पानं माझ्या शेजारीण श्रीमती भागिरथीबाई यांनी खाल्ली. त्या मशीनवर होत्या. आता त्यांची पावलं उचलत नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव हवं आहे. आपण ते एका कबुलीच्या बदल्यात देऊ केलंत.

भागिरथीबाई कबुली देणार नाहीत. मी देऊ देणार नाही. पण आपल्याला कोणाची तरी चूक लिहून हवी आहे, तर माझी लिहा. त्यांना बागेत मी नेलं. आपले श्री. पठारे म्हणतात की बागेच्या दारावरचा माणूस मी आत अडकवून ठेवला होता. तसंच लिहा. त्या वेळी त्यांच्याकडे माझं लक्ष नव्हतं, हेही हवं तर लिहा. ते खरं आहे. सोबतच्या कोऱ्या कागदावर खाली माझी सही आहे. वरची जागा मोकळी ठेवली आहे. आपल्या वकिलांना हवं ते त्यात भरावं. मी कुठल्याही कोर्टात ती सही नाकारणार नाही.

माझ्या बाजूची अट एकच. नाव हवं; सांकेतिक क्रमांक नको. त्यातले सगळे घटक आणि फवारलेलं प्रमाण हवं. फोनवरचं उत्तर, शिपायाकरवी आलेला निरोप, 'वरिष्ठ कळवतील' हे मी उत्तर धरणार नाही. भागिरथीबाईंच्या पायांची ताकद दर दिवशी कमी होते आहे. आपल्या कार्यालयाला सवड असेल तेव्हा ती थांबणार नाही.

लेखी उत्तर, आपल्या सही-शिक्क्यानिशी, सोमवार, दि. २३ फेब्रुवारी २०२६ रोजी सायंकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

मोनिका साळवे
निवृत्त अधिसेविका"